बुधवारचा रिकामा रकाना

कामावर त्याला सगळे ‘सव्वापट’ म्हणायचे आणि ते काही लाडाने ठेवलेलं नाव नव्हतं. तो लिफ्टचा मेकॅनिक. लिफ्ट पास करायची तर पाटीवर जेवढं वजन लिहिलेलं असतं, त्याच्या सव्वापट लोखंडी वजनं आत रचायची, लिफ्ट खाली सोडायची, मधेच ब्रेक लावायचा आणि एवढं करूनही ती जागच्या जागी थांबली तरच कागदावर सही करायची. सत्तावीस वर्षांत त्याने सही केलेली एकही लिफ्ट घसरली नव्हती. इथवर सगळं ठीक. पण हा गृहस्थ घरी येऊनही तेच करायचा. तासाभराच्या वाटेला सव्वा तास आधी निघायचं, चार पाहुणे यायचे असले तर पाच जणांचं रांधायचं, आणि लेक लहान असताना तिचे बूट घ्यायला गेला की दुकानदार मेटाकुटीला यायचा.

अशा माणसाला घेऊन बायकोने युरोपभर फिरायचं ठरवलं. तेही पाठीवर सॅक लावून, तेही नव्वद दिवस. धाडस म्हणायचं ते तिचंच.

ती डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला होती. बावीस वर्षं अंधाऱ्या खोलीत लोकांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब टाकायचे, तक्ता वाचून घ्यायचा, “आता खालची ओळ” म्हणायचं. दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून निम्मं आयुष्य घालवलं आणि स्वतः काय पाहिलं, तर तोच तक्ता. आता तिला तीन महिने नुसतं बघायचं होतं. डॉक्टरबाईंनी बिनपगारी रजा द्यायची तयारी दाखवली, पण बजावूनही ठेवलं, की शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत हो किंवा नाही ते लेखी द्या. पुढच्या वर्षी त्यांना दुसरा दवाखाना उघडायचा होता, मग तीन-चार वर्षं रजेचं नाव काढायची सोय नव्हती. बायकोचे गुडघे आत्ताच कुरकुरत होते. आत्ता नाही तर कधीच नाही, हे दोघांनाही कळत होतं.

लेक दुसऱ्या गावी नोकरीला होती. तिने मोठ्या हौसेने दोन सॅक पाठवून दिल्या. त्या महिनाभर पलंगाखाली पडून होत्या आणि बायको एका जाड वहीत हिशेब मांडत होती. पहिला हिशेब दोघांत मिळून दिवसाला शंभर युरोचा झाला. नव्वद दिवसांचे नऊ हजार. विमानाची तिकिटं, विमा आणि व्हिसा धरून आणखी अडीच हजार. ठेव मोडली तर त्यांच्याकडे बारा हजार युरो होत होते. बायकोची कळी खुलली. सव्वापटने त्या साडेअकरा हजारांना सव्वाने गुणलं आणि म्हणाला, “चौदा हजार तीनशे पंच्याहत्तर. नापास.”

ती चिडली नाही, हे विशेष. तिने महागडे देश चार-चार दिवसांवर आणले आणि स्वस्तातल्या देशांत मुक्काम वाढवला. हॉटेलं काढून टाकली, सहा जणांच्या खोलीतल्या खाटा घेतल्या. पाणी नळाचं, आगगाडीऐवजी बस, कपडे हाताने धुवायचे, एका वेळचं जेवण स्वतः करायचं. असं करता करता दिवसाचा खर्च अठ्ठ्याहत्तरवर आला. गुरुवारी सकाळी, चहा घेता घेता, तिने वही त्याच्यापुढे सरकवली. सगळं मिळून नऊ हजार पाचशे वीस. सव्वापट केलं तरी अकरा हजार नऊशे.

“झाली पास,” ती म्हणाली.

त्याने बेरीज बोटाने दोनदा तपासली. चूक सापडेना. मग तो म्हणाला, “परत आल्यावर पहिला महिना काढायचा कशावर? तिकडे दाढ दुखली तर? ते सगळं धरून पुन्हा एकदा सव्वापट करू.”

बायकोने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “अहो, पास झालेल्या लिफ्टवर तुम्ही पुन्हा वजन टाकता का कधी?”

“नाही टाकत.”

“मग?”

त्याने कपातला चहा ढवळला, साखर कधीच विरघळली होती तरी.

“हे बघा,” ती म्हणाली, “उद्या दुपारपर्यंत मला सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर मी डॉक्टरबाईंना नाही कळवीन. भांडणार नाही. पण मग हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही. आणि ‘तू जा, मी राहतो’ असलं काही म्हणायचं नाही. मी एकटी जाणार नाही.”

ती कामाला गेली. त्याला त्या दिवशी दुपारी जायचं होतं. तो वही घेऊन पुन्हा बसला, कारण एवढी काटछाट होऊनही हिशेब बरोबर येतो म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय असं त्याला वाटत होतं. वहीत एका आठवड्याला एक पान होतं. दर दिवसाची एक ओळ, त्यात खाटांचा खर्च, आणि पुढे दोन रकाने. एकावर लिहिलं होतं ‘मी’, दुसऱ्यावर ‘हे’. सोमवार, दोन्ही रकाने भरलेले. मंगळवार, भरलेले. बुधवारी ‘मी’च्या खाली संग्रहालयाचं तिकीट, नदीतली बोट, कॉफी. ‘हे’च्या खाली काहीच नाही.

त्याने पान उलटलं. पुढच्या बुधवारीही तेच. त्याने भराभर सगळी पानं बघितली. तेरा बुधवार, तेराही रिकामे. जेवण नाही, बस नाही, चहासुद्धा नाही. खाटेचे पैसे तेवढे धरलेले.

म्हणजे बुधवारी ही बोटीतून फिरणार आणि आपण खोलीत, सामानासारखे, उपाशी? की त्या दिवशी आपण नसावंच असं तिला वाटतं? आता, सरळ फोन करून विचारायला काय झालं होतं? पण नाही. चालत्या यंत्रात हात घालणाऱ्या या माणसाची, बायकोला एक प्रश्न विचारायचा म्हटलं की बोबडी वळायची.

आणि खरं सांगायचं तर भीती आजची नव्हती. पैसे कमी पडतील ही काळजी होतीच, पण तिच्या आड दुसरी दडून बसली होती. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. तो सकाळी आठला बाहेर पडायचा, ती नऊला. रविवारी कुठे ना कुठे लिफ्ट अडकायचीच आणि त्याला बोलावणं यायचंच. सलग चोवीस तास दोघं एकत्र असे जास्तीत जास्त चार दिवस होते, त्याला ताप आला होता तेव्हा, आणि चौथ्या दिवशी तिनेच त्याला कामावर पिटाळलं होतं. तिला भाषा यायच्या, अनोळखी माणसाशी ती दोन मिनिटांत बोलायला लागायची. तो परक्या रस्त्यावर तिच्या मागे नुसता उभा राहणार, नकाशा उलटा धरून. इथे निदान त्याच्या हातात पाना असायचा. नव्वद दिवसांत तिला कळेल, की पाना काढून घेतला तर या माणसात फारसं काही उरत नाही. याची त्याला भीती वाटत होती, अगदी रडू यावं इतकी.

त्या दुपारी एका नव्या इमारतीत आठ माणसांच्या लिफ्टची तपासणी होती. पाचशे चव्वेचाळीस किलोची लिफ्ट, म्हणजे सहाशे ऐंशी किलो भरायचे, वीस किलोची चौतीस वजनं. तो आणि वायरमन दोघं मिळून ती आत रचत होते. वायरमन त्याच्याबरोबर बारा वर्षं काम करत होता आणि गप्प बसणं त्याला कधी जमलं नव्हतं. तो बोलत होता, हा हूं हूं करत होता, आणि डोक्यात एकच चाललं होतं, बुधवार, बुधवार.

“थांबा,” वायरमन म्हणाला, “छत्तीस झाली.”

त्याने खाली वाकून मोजलं. खरंच छत्तीस होती. सत्तावीस वर्षांत त्याची मोजणी कधी चुकली नव्हती.

“दादा, तुम्ही अशी भरत राहिलात तर कुठलीच लिफ्ट पास व्हायची नाही,” वायरमन हसत म्हणाला आणि वरची दोन वजनं उचलून बाहेर ठेवायला लागला.

सव्वापट हसला नाही. तो तिथेच उरलेल्या वजनांच्या थप्पीवर टेकून बसला. वायरमनने पाणी आणून दिलं, काय होतंय विचारलं. काही नाही, उकडतंय, असं त्याने सांगितलं. लिफ्ट पास झाली. त्याने कागदावर सही केली.

शुक्रवारी त्याने अर्धी रजा टाकली. दवाखाना दुपारी एक ते चार बंद असायचा, बायको जेवायला घरी यायची. तो अडीच वाजता पोचला तेव्हा ती जेवून बसली होती. टेबलावर दोन पत्रं होती. एकात रजा हवी असं होतं, दुसऱ्यात नको असं. दोन्हीवर तिची सही झालेली. तिने दोन्ही सारख्याच वळणदार अक्षरात लिहिली होती, हे बघून त्याला जास्तच कसंतरी झालं.

“जेवणार?”

“नको. एक विचारायचं होतं.” तो बसला, पुन्हा उठला, पुन्हा बसला. “बुधवारी मी कुठे असतो?”

“कुठल्या बुधवारी?”

“सगळ्याच.” त्याने वही उघडून पुढे केली. “खाट आहे, पण जेवण नाही. तेरा आठवडे. मला खोलीत ठेवून जाणार असशील तर तसं सांग. किंवा तुला माझा वीट येणार असेल तर तेही सांग. मी काही मनाला लावून घेणार नाही.”

मनाला तर त्याने केव्हाच लावून घेतलं होतं, आवाजावरूनच कळत होतं.

बायको हसायला लागली, आणि त्याचा चेहरा बघून थांबली. “अहो, तो तुमचा दिवस आहे. रोज चोवीस तास एकमेकांच्या पायात आलो तर दहाव्या दिवशी आपण गळे धरू. म्हणून बुधवारी तुम्ही तुमच्या वाटेने जायचं, मी माझ्या. माझ्या वाटेचं मी लिहिलं. तुम्हाला काय बघायचंय ते मला काय माहीत? तुम्ही कधी सांगितलंत? ते तुम्ही लिहायचं, म्हणून रकाना सोडलाय.”

“मग पैसे? बेरजेत नाहीत ते.”

“माझ्या बोनसमधून काढून ठेवलेत. दर बुधवारचे तीस. बेरजेत धरले असते तर तुम्ही त्यांनाही सव्वापट लावली असतीत.”

त्याने वही मिटली आणि तो खाली मान घालून म्हणाला, “मला भीती वाटते. पैशांची नाही. तुला कंटाळा येईल याची. मला तिथलं काहीच येत नाही. मी नुसता तुझ्या मागे मागे.”

“कंटाळा काय, इथे येत नाही का?” ती म्हणाली, पण तिचा हात त्याच्या मनगटावर होता. “मलाही भीती वाटतेच की. रात्री पाय दुखले तर, वाट चुकले तर. मी ती वहीत लिहीत नाही एवढंच. साडेतीनला मला निघायचंय. काय ते सांगा.”

त्याने पेन्सिल घेतली. मग त्याने पाचव्या आठवड्याचं पान काढलं, आणि बुधवारच्या रिकाम्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं: लिफ्ट.

“लिफ्ट?” बायको म्हणाली. “इतक्या लांब जाऊन?”

“ही वेगळी असते.” त्याचे कान लाल झाले होते. “काम शिकत होतो तेव्हा पुस्तकात चित्र होतं. हिला दरवाजाच नसतो. एकाखाली एक उघडी खोकी, साखळीला लावलेली. एका बाजूने वर जातात, दुसऱ्या बाजूने खाली. कुठेच थांबत नाही. चालत्यात चढायचं, चालत्यात उतरायचं. तेव्हा आपण असू त्या गावात एक अजून चालते म्हणे. कुणाला सांगितलं नाही कधी. लोक हसतील.”

ती हसली नाही. “किती माणसं मावतात?”

“एका खोक्यात दोन.”

हे बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, दोन म्हणजे आपण दोघंच. वहीवर दोघांचे हात जवळजवळ होते. तो म्हणाला, “बाकीचे बारा बुधवार तुझे तू. फक्त तेवढ्या एका दिवशी…”

बायकोने त्याच्या हातातून पेन्सिल काढून घेतली, त्या बुधवारची आपली बोट खोडली आणि तिथे लिहिलं: लिफ्ट. मग उठून तिने एक पत्र पर्समध्ये टाकलं आणि दुसरं फाडून टोपलीत टाकलं. चपला घालता घालता ती दारात थांबली. आता तिच्या कपाळावर आठी होती.

“पण न थांबता म्हणजे? माझे गुडघे असे. आधी कोण चढणार?”

“एकदम चढायचं,” तो म्हणाला. “मी हात धरीन.”

भीती अजून होतीच. ती गेल्यावर त्याने पलंगाखाली वाकून दोन्ही सॅक बाहेर ओढल्या आणि त्यांच्यावरची धूळ झटकायला घेतली.