दादाची वाळू

दोघा भावांची आयुष्यभर जुंपली ती वाळूवरून. आता वाळूवरून कोणी भांडतं का? हे भांडायचे. थोरल्याच्या बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी होती, आत जिवंत प्रवाळ, आणि तळाला चांगली वीतभर वाळू. धाकट्याचं तर टाक्यांचंच दुकान, पण त्याच्या टाक्यांचा तळ घासून ठेवलेल्या ताटासारखा उघडा. घाण साचली की दिसते, दिसली की नळीनं ओढून काढायची, विषय संपला, असं त्याचं म्हणणं. दादाचं म्हणणं, वाळूतले किडेच सगळी घाण खाऊन टाकतात, आपण फक्त मध्ये हात घालायचा नाही. धाकटा आला की काचेतून दिसणाऱ्या तळाच्या काळ्या थरावर बोट ठेवायचा. गटार पोसतोयस तू, म्हणायचा. एकदा ढवळलं गेलं की विष सुटेल आणि आतलं सगळं मरेल. दादा त्याला 'फडकं' म्हणायचा आणि हसण्यावारी न्यायचा. वहिनी दोघांपुढे चहाचे कप आदळून आत निघून जायची.

मग दादा आजारी पडला, आणि दवाखान्यातून परत आलाच नाही.

वहिनी लेकीकडे राहायला निघाली. टाकी ती कुठे नेणार? बाकीचं काय करायचं ते कर, पण म्हातारीला तेवढी जप, असं तिनं दिराला सांगितलं. म्हातारी म्हणजे नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली मासोळी. टाकी मांडली तेव्हापासूनची. दादानं पाण्यात बोट घातलं की येऊन टोचायची. दादाचा हात लागलेला जीव आता तेवढाच उरलाय, असं वहिनी म्हणाली, तेव्हा धाकट्यानं मान खाली घातली.

टाकी हलवायची तर जुनी वाळू फेकायची, नवी घालायची. हे त्यानं किती गिऱ्हाइकांना दम भरून सांगितलं असेल! दादाची वाळू बादल्यांत भरून तो फाटकाजवळच्या नाल्यापर्यंत गेलाही. बादली कलती केली आणि हात तिथंच थांबला. जिला जन्मभर शिव्या घातल्या, ती वाळू त्याच्यानं ओतवेना. वेडाच तो. सगळ्या बादल्या घरी घेऊन आला.

घरी आणलेल्या दादाच्या टाकीत त्यानं वाळू थरावर थर रचली, काळी खाली, पांढरी वर, दादाकडे होती तश्शी. सडक्या अंड्यांचा वास आला. ज्या वासाचा धाक तो दादाला घालत आला होता, तोच. त्यानं खिडक्या उघडल्या, हवेचा पंप वाढवला आणि निवेल हळूहळू, अशी स्वतःची समजूत घातली. शेजारी त्याची स्वतःची टाकी होती, स्वच्छ, उघड्या तळाची. पण म्हातारी वाळूत खड्डा करून बसणारी. तिला नुसत्या काचेवर ठेवणं त्याच्या जिवावर आलं. त्यानं तिला दादाच्या वाळूवर सोडलं.

सकाळी ती तिथंच आडवी पडली होती. प्रवाळही मिटून राखाडी झालं होतं.

थोड्या वेळानं वहिनीचा फोन आला. म्हातारी रुळली का, तिनं विचारलं. खोटं बोलायचं त्याच्या मनात आलं, पण जीभ रेटेना.

"वहिनी, म्हातारी गेली. माझ्यामुळं गेली. मी जुनी वाळू फेकलीच नाही. दादाची होती ना."

मग वहिनी अगदी हळू म्हणाली, "त्यानं दवाखान्यात मला बजावलं होतं रे. टाकी हलवाल तेव्हा वाळू फेकून द्या, त्याबाबतीत फडक्याचं खरं आहे, म्हणाला. मला वाटलं, तुला काय हे सांगायचं."

आणि ती रडायला लागली. दादा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

फोन ठेवून तो बादली घेऊन टाकीपाशी आला. वाळू आता काढायलाच हवी होती. दुकान उघडायची वेळ टळून गेली, तरी तो रिकामी बादली मांडीवर घेऊन तिथंच बसून होता.