कोपऱ्यातले नाव

मित्रांनो, मला धार नाही, तरी मी सुरीच आहे. रंग कालवायचा आणि चुकलेला रंग खरवडून काढायचा, हे माझे काम. बांडुंग शहराबाहेरच्या एका गावात, कोसिमकाकांच्या चित्रांच्या शेडमध्ये मी म्हातारी झाले. तिथेच रंगकाम करणाऱ्या तातांगने करवतीच्या तुटक्या पात्यापासून मला घडवले आणि पेरूच्या लाकडाची मूठ बसवली.

शेडमध्ये दहा कापडे ओळीने टांगलेली असत. काकांची पुतणी इमास दहाही आकाशे रंगवून पुढे सरकायची. मग तातांग खाली भाताची शेते भरायचा. शेवटी काका येऊन प्रत्येक कोपऱ्यात स्वतःचे नाव लिहायचे. अकरा वर्षे इमासने फक्त आकाशे रंगवली. एकदा तिने काकांना विचारले, अख्खे चित्र मी एकटीने काढले तर त्यावर माझे नाव येईल का? काका हसले. "काढून तर दाखव. नाव तूच टाक."

शहरात चित्रे पोचवून रात्री परतताना तिने दिव्यांनी भरलेला ओला रस्ता पाहिला होता. तोच काढायचा, असे तिने ठरवले आणि जेवणाच्या सुट्टीत ती एका कापडापुढे बसू लागली.

पहिले चित्र फसले. सवयीने तिने वरून सुरुवात केली, नेहमीचे निळे आकाश भरले आणि रात्र व्हावी म्हणून त्यावर काळा फिरवला. क्षितिजाशी येऊन हात थांबला. त्याखालचे काम आजवर दुसऱ्याचे असायचे. तातांगने घास चावत डोकावून पाहिले. "ही रात्र आहे की कढईचं बूड? आणि रस्ता कोण काढणार, तुझा होणारा नवरा?"

तिने माझ्याकडून सगळे खरवडून घेतले. असे चार वेळा झाले. प्रत्येक वेळी मी हातात होते, म्हणून ती काय शिकली ते मला नीट ठाऊक आहे. शहरातल्या रात्री उजेड वरून येत नाही, खालून आकाशाला लागतो. पाचव्या वेळी तिने रस्त्यावरच्या दिव्यापासून सुरुवात केली. काळा रंग घेतलाच नाही. जांभळ्यात गडद हिरवा मिसळून अंधार केला आणि त्याला खेटून पिवळा ठेवला. जांभळ्याशेजारी पिवळा पेटतो. मग कुंचला ठेवून तिने माझ्या पात्यावर लोण्याएवढा जाड रंग घेतला. एकेका दाबात मी खिडक्या उमटवल्या. आकाश सर्वांत शेवटी, वीतभर, तांबूस. आयुष्यभर मी रंग काढत आले होते. त्या आठवड्यात मी तो लावला.

तातांग ताट हातात घेऊन जवळ आला. "बसचा भोंगा तेवढा ऐकू यायचा राहिलाय," म्हणाला. इमासने बारीक कुंचल्याने, पिवळ्या रंगात, कोपऱ्यात नाव लिहिले.

दुसऱ्या दिवशी दुकानदार माल न्यायला आला आणि त्याच चित्रापुढे थांबला. त्याला कोसिमकाकांच्या नावाची तशी वीस हवी होती. काकांनी कोपरा पाहिला आणि मला उचलले.

"काका, तुम्हीच म्हणाला होतात," इमास म्हणाली.

"म्हणालो होतो, पोरी. तेव्हा ते कुणी घेईल असं वाटलं नव्हतं."

नाव ओले होते. एका फटक्यात निघाले. काकांनी माझ्याच पात्याने तिथे जांभळा सारवला आणि वर आपले नाव लिहिले. तातांग खाली मान घालून रंग कालवत राहिला. आता शेडमध्ये वीस कापडे टांगली आहेत. इमास त्यांवर फक्त खिडक्या उमटवते.

त्या दिवशी माझ्या टोकाला तिच्या नावाचा पिवळा रंग लागून राहिला होता. संध्याकाळी इमासनेच तो रॉकेलच्या चिंधीने पुसला, नेहमीसारखा, टोकापासून मुठीपर्यंत.

मित्रांनो, अवजारे स्वच्छ ठेवा, असे तुम्हाला शिकवतात. ती ठेवायची. तुम्ही आणखी एक करा. एखादे चित्र आवडले, तर कोपऱ्यातले नाव वाचून थांबू नका. ते कोणाच्या हातचे, हे विचारा. मला कोणी विचारले नाही, आणि मला बोलताही येत नव्हते. मी फक्त खरवडले.