लांबच्या वाटेचा नाश्ता

गेस्टहाउसमध्ये खोल्या सहा होत्या आणि जेवण मिळत नसे. मिळे तो फक्त नाश्ता. संध्याकाळी उशिरा पोचलेल्या पाहुण्याला घरची धाकटी सून पाव, लोणी आणि एखादं सफरचंद देई आणि वर बजावी, "यावरच भागवा. सकाळी पोटात जागा लागणार आहे."

घर दोन भावांचं होतं. थोरला शहरात राहत असे. त्याला सगळे दादा म्हणत. धाकटा भाऊ बायकोसह इथं राहून गेस्टहाउस चालवी. पाहुण्यांना धबधबा, जुना पूल आणि वरचं तळं दाखवायचं काम त्याच्याकडे असल्यानं गावानं त्याचं नाव वाटाड्या ठेवलं होतं. धाकटी ही त्याची बायको. स्वयंपाकघर तिचं एकटीचं. पूर्वी तिथं गुरं बांधत. गव्हाणीच्या जागी तिनं ओटा घातला, खालची फरशी स्वतः घासून पांढरी केली आणि मागची भिंत फोडून रुंद खिडकी काढली. ही खिडकी उजेडासाठी नव्हती. तिच्यातून डोंगराचा उतार आणि त्याच्या पायथ्याचं कुंपण दिसे.

घराची पद्धत ठरलेली होती. नाश्त्याआधी प्रत्येकानं धबधब्यापर्यंत जाऊन यायचं. परतणारी माणसं कुंपणाशी दिसली की धाकटी सूफ्लेची भांडी ओव्हनमध्ये सरकवी. माणसं बूट काढून, हात धुऊन टेबलाशी येईपर्यंत भांडी बाहेर यायची. अंड्यातलं पांढरं घट्ट फेस येईपर्यंत घोटायचं, त्यात बलक आणि किसलेलं चीज हलक्या हातानं मिसळायचं आणि भाजताना फुगू द्यायचं, एवढाच तो प्रकार. पण ओव्हनमधून निघाल्याबरोबर तो खाली बसायला लागतो. म्हणून खिडकी.

या रविवारी खिडकीकडे सगळ्यांचंच लक्ष होतं. महामार्गावर मोठं हॉटेल उभं राहिलं होतं आणि त्यांना आपल्या कामगारांसाठी हे घर भाड्यानं हवं होतं. सोमवारी होकार कळवायचं दादानं जवळजवळ ठरवून टाकलं होतं. "गोठ्यात ते कपडे धुण्याची यंत्रं बसवणार आहेत," हेही त्यानं सांगितलं, जणू ती आनंदाची बातमी होती. धाकटीनं एकच मुदत मागून घेतली. डोंगरवाटांवर सहली काढणारी एक संस्था नव्या मार्गासाठी मुक्काम शोधत होती. त्यांची माणसं शनिवारी येणार होती. त्यांनी हे घर हंगामभरासाठी धरलं तर हॉटेलला नकार द्यायचा, नाहीतर स्वयंपाकघर सोडायचं. दादा कबूल झाला आणि निकाल डोळ्यांनी बघायला बायकोसह येऊन राहिला.

सकाळी थोरली, म्हणजे दादाची बायको, ओट्याशी नाशपाती चिरत बसली होती.

"बारीक हव्यात की जाड?"

"बोटाएवढ्या. मधात परतायच्यात."

"कुणाच्या बोटाएवढ्या? माझ्या की तुझ्या?"

"जाऊबाई, तुमच्या बोटाएवढ्या केल्या तर चारच फोडी होतील."

थोरली हसली. "ह्यांना दे हो थोडं काहीतरी. नाही, नको. ह्यांचं झालंय. गोळीआधी खावं लागतं म्हणून उठल्या उठल्या दोन उकडलेली अंडी आणि तीन पाव चेपलेत. आता दुपारपर्यंत विचारायला नको."

संस्थेची सहा माणसं उजाडताच निघून गेली होती. त्यांच्या प्रमुख बाई उंच, हातात काठी, बोलणं मोजकं. वाटाड्या सोबत जायला निघाला तेवढ्यात दादानं त्याला छप्पर बघायला शिडीवर चढवलं. "वाटेत पाट्या आहेत ना?" बाईंनी विचारलं. "आहेत की," दादानंच परस्पर उत्तर दिलं. "मग आम्ही जातो."

धाकटीनं पांढरं घोटून ठेवलं. पाव कापला, मुरांब्याच्या वाट्या भरल्या, मश्रूम लोण्यात परतून झाकले. उतारावर कुणी दिसेना. मग घोटलेल्या फेसाच्या तळाशी पाणी सुटायला लागलं. तिनं ते भांडं बाजूला सारलं.

वाटाड्या शिडीवरून उतरून आत आला. रिकामा उतार बघून तो दारातच थांबला.

"कुठल्या वाटेनं गेले?"

"पाटीच्या वाटेनं," धाकटी म्हणाली. "दुसऱ्या कुठल्या जाणार?"

तो स्टुलावर बसला. "मग त्यांना वेळ लागेल."

"का?"

"मी पाटी वळवलीय."

नाशपाती चिरणारी सुरी थांबली. वाटाड्यानं जे सांगितलं ते असं: बांधाशी वाट फुटते. डावीकडून धबधबा जवळ. उजवीकडची वाट नदी उतरून, पाणचक्कीवरून आणि फळबागेला वळसा घालून तिथंच पोचते, पण दुप्पट-तिप्पट लांब. गेल्या हंगामाच्या सुरुवातीला एक जोडपं चुकून उजवीकडे गेलं आणि परत आल्यावर त्यांनी नाश्त्याची इतकी वाहवा केली की त्यानं दुसऱ्या दिवशी पाटीचा बाण फिरवला. म्हाताऱ्यांना तो स्वतः जवळच्या वाटेनं नेई. बाकीच्यांना पाटी नेई.

"हंगामभर?" धाकटीनं विचारलं.

"हंगामभर."

"म्हणजे लोक माझा नाश्ता नावाजत होते, ते पाय दुखत होते म्हणून."

"अगं, तसं नाही."

"मग कसं? त्यांच्यापुढे तुम्ही शिळा पाव ठेवला असता तरी त्यांनी बोटं चाटली असती."

"भावजी, डोकं लावलंत, पण कुठं लावलंत," थोरली म्हणाली.

दादा मागून येऊन हे सगळं ऐकत होता. त्यानं धाकट्या भावाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि घसा खाकरला. "मी हॉटेलवाल्याला उद्या सकाळीच—"

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. पाववाला आला होता. तो जुन्या पाणचक्कीत राहायचा, तिथल्या दगडी भट्टीत पाव भाजायचा आणि घरोघर पोचवायचा. पावाची टोपली टेबलावर ठेवत त्यानं सहज सांगितलं, "तुमची माणसं माझ्या दारात बसलीत. धबधबा बघून परत खाली आली. एकाच्या टाचेला मोठा फोड आलाय, तो आता पाऊल टाकायला तयार नाही. महामार्गापर्यंत गाडी मिळेल का, विचारत होते."

"महामार्गावर काय आहे?" थोरलीनं विचारलं, आणि सगळ्यांना ते हॉटेल आठवलं.

धाकटीनं एप्रनचे बंद सोडले, मग पुन्हा घट्ट बांधले. "भट्टी पेटलेली आहे?"

"पाव काढून झालाय. निवतेय."

"चांगलं. अहो, अंड्यांचं टोपलं उचला. सगळं. जाऊबाई, चीज, लोणी, मश्रूम, मुरांबा, नाशपाती आणि ती पांढरी भांडी. एकात एक घालू नका, टवके उडतात."

"तिथं करणार?" वाटाड्या उठला. "तुला ती भट्टी माहीत तरी आहे का?"

"तुमची पाटी तरी मला कुठं माहीत होती? उचला."

टेम्पोत पुढे पाववाल्याशेजारी दादा बसला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. मागे पावाच्या रिकाम्या टोपल्यांमध्ये दोघी जावा पाय पसरून बसल्या, मांडीवर भांडी. वाटाड्यानं अंडी छातीशी धरली होती. खड्डा आला की तो स्वतः हवेत उडे, टोपलं मात्र जागच्या जागी राही.

"लग्नात हार घालताना हात इतके स्थिर नव्हते ह्यांचे," धाकटी म्हणाली. तिचा राग गेला नव्हता, पण आवाज परत आला होता.

पाणचक्कीच्या ओट्यावर सहाही जण बसले होते. फोडवाल्यानं बूट काढून पाय नदीत सोडला होता. प्रमुख बाई उठून उभ्या राहिल्या.

"पाटी चुकीची आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

वाटाड्यानं टोपलं खाली ठेवलं. "मीच वळवली. लोक दमून आले की त्यांना नाश्ता जास्त आवडेल असं वाटलं. हिला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं."

दादानं मान दुसरीकडे वळवली. बाईंनी काठी ओट्याला टेकवली. "ही फसवणूक आहे," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या माणसाची टाच सोललीय."

"हो," वाटाड्या म्हणाला.

"गाडीचं बघा."

"गाडी हीच," धाकटीनं टेम्पोकडे बोट केलं. "पाववाला तुम्हाला सोडेल. पण आधी नाश्ता. तो तुमचा राहिलाय आणि तो मी द्यायचा आहे. आवडला नाही तर तसं तोंडावर सांगा, उगाच भूक लागलीय म्हणून चांगलं म्हणू नका."

उत्तराची वाट न बघता ती आत गेली.

भट्टीला काच नव्हती, काटा नव्हता. धाकटीनं चिमूटभर पीठ आतल्या दगडावर टाकलं. ते क्षणात काळं झालं. तिनं दार उघडं ठेवलं, पुन्हा पीठ टाकलं, पुन्हा थांबली. तोवर थोरली दाराशेजारच्या खुर्चीत पांढरं घोटायला बसली होती.

"हात तुटला माझा."

"अजून सैल आहे. घोटत राहा."

"घरी मिक्सर आहे तुझ्याकडे."

"घरी तुम्ही आहात का रोज? मिक्सरला सुट्टी दिलीय."

थोरलीनं भांडं उलटं धरलं. फेस जागचा हलला नाही. तिनं ते मुद्दाम दादाच्या डोक्यावर नेऊन उलटं धरलं आणि दादा खाली वाकला तेव्हा ओट्यावरचे दोघंतिघं हसले.

तिसऱ्यांदा टाकलेलं पीठ हळूहळू बदामी झालं. धाकटीनं भांडी एकेक करून फळीवरून आत सरकवली आणि दार लावलं. आता बघायला काही नव्हतं. ती दारापाशी उभी राहून वास घेत होती. आधी लोण्याचा आला, मग चीजचा.

"उघडून बघ ना जरा," थोरली कुजबुजली.

"उघडलं की बसलं."

वाटाड्या मश्रूम गरम करत होता. मधात परतायच्या नाशपातीचा डबा त्यानं उघडला आणि तसाच हातात धरून उभा राहिला. चीजच्या वासात भाजल्याचा कडक वास मिसळला, तेव्हा धाकटीनं दार उघडलं.

सूफ्ले भांड्यांच्या काठाबाहेर बोटभर नव्हे, चांगले चार बोटं वर आले होते. तिच्या ओव्हनमध्ये ते कधी इतके फुगले नव्हते. मागच्या कोपऱ्यातल्या एकाची कड जळाली होती. ते तिनं नवऱ्यासमोर ठेवलं. बाकीची भांडी हातोहात ओट्यावर गेली. पाव तोडला गेला, मुरांबा फिरला. मग चमच्यांशिवाय आवाज उरला नाही.

फोडवाला पाय पाण्यातच ठेवून खात होता. "बूट मात्र बेकारच आहेत," तो म्हणाला आणि त्यानं रिकामं भांडं पुढे केलं.

बाईंनी सावकाश खाल्लं. चमचा ठेवून त्या म्हणाल्या, "भूक लागली होती, हे खरं आहे. म्हणून मी शेवटचा घास थांबून खाल्ला, पोट भरल्यावर." त्यांनी धाकटीकडे पाहिलं. "तोही पहिल्याइतकाच चांगला होता."

धाकटीनं हात एप्रनला पुसले.

"पाटी आजच सरळ करा," बाई वाटाड्याला म्हणाल्या. "दोन्ही वाटांवर खरं अंतर लिहा. लोकांना लांबून जायचं असेल तर ते जातील. नदीकाठची ही वाट तुमच्या धबधब्यापेक्षा सरस आहे. आणि नाश्ता एक दिवस घरी, एक दिवस इथं. जमेल?"

धाकटीनं पाववाल्याकडे पाहिलं. तो खांदे उडवून म्हणाला, "भट्टी रिकामीच असते त्या वेळी."

"जमेल."

"मग हंगामभर आमचा मुक्काम तुमच्याकडे."

वाटाड्यानं टोपी हवेत उडवली. ती नदीत पडली आणि फोडवाल्यानं पायानंच अडवली. थोरलीनं दुखरा हात दुसऱ्या हातानं वर उचलून धरला आणि जाहीर केलं, "हा हंगाम या हातानं जिंकलाय, सगळ्यांनी लक्षात ठेवा."

"तुझ्याकडे फोन आहे का रे?" दादानं पाववाल्याला विचारलं. फोन भिंतीवर, पिठाच्या पोत्यांच्या वर होता. दादा आत गेला. त्याचं बोलणं बाहेर सगळ्यांना ऐकू आलं. "नाही. घर देता येणार नाही... नाही, गोठा पण नाही... अहो, गोठा नाहीच तो. स्वयंपाकघर आहे."

तो परत आला तेव्हा सगळे पांगले होते. बाई नकाशावर नदीची वाट आखत होत्या. धाकटी एकटीच भांडी गोळा करत होती. दादानं आपलं भांडं स्वतः आणून दिलं. ते आतून इतकं निपटलेलं होतं की धुतल्यासारखं दिसत होतं. कडेला चिकटलेली खरपूस साल त्यानं चमच्यानं खरवडून काढली होती. त्याखालीच दुसरं भांडं होतं. तेही त्याचंच.

धाकटीनं दोन्ही भांडी उजेडात धरून पाहिली.

"दादा, भूक लागली होती का?"

"छे," दादा म्हणाला. "सकाळीच दोन अंडी आणि तीन पाव खाल्ले होते."