काच वाहणाऱ्या पिकअपचे ब्रेक

मित्रांनो, माझ्या नंबरप्लेटचा रंग उडाला आहे, डावा आरसा मूळचा नाही आणि वयाची सोळा वर्षे पूर्ण झाली आहेत. तेव्हा मला जुनी पिकअप म्हणालात तर मी रागावणार नाही. तक्रारखोर म्हणालात तरी चालेल. माझी हकीकत ऐकून तुम्हीही थोडे चिडाल अशी मला आशा आहे.

कारखान्याच्या आवारात माझ्यासारख्या चाळीस जणी ओळीने उभ्या होत्या. त्यांतून मला एका काचवाल्याने नेले. खिडक्यांची मापे घ्यायची, काचा कापायच्या आणि घरोघर जाऊन बसवायच्या, हा त्याचा धंदा. त्याने माझ्या पाठीवर लाकडी चौकट उभी केली, तिला जुन्या गालिच्याचे तुकडे ठोकले आणि काचा तिला टेकवून उभ्या न्यायला सुरुवात केली. मोठी काच आडवी नेली तर रस्त्यातच दगा देते, उभी नेली तर टिकते, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले. चालवणाऱ्याने मात्र झोपलेले मूल अंथरुणावर ठेवावे इतक्या हळुवारपणे ब्रेक लावायला हवा. माझा मालक तसाच लावायचा. त्याची बायको काच कापण्यात त्याच्यापेक्षाही पक्की. ती शेजारी बसून मागच्या छोट्या खिडकीतून मालावर नजर ठेवायची. अकरा वर्षांत माझ्या पाठीवर एक काच तडकली नाही. लोक माझे कौतुक करायचे, मालक दर रविवारी मला अंघोळ घालायचा आणि माझा ऊर भरून यायचा.

मग काम वाढले. मला धुण्याचे काम पावसाकडे गेले. तेल बदलायचे ते ‘पुढच्या आठवड्यात’ बदलायचे ठरू लागले आणि तो पुढचा आठवडा काही केल्या उजाडेना. मिस्त्रीकडे जाणेही बंद झाले. मागच्या खेपेला गाडीची हयगय केली म्हणून मिस्त्रीने मालकाला चार शब्द सुनावले होते. ते मालकाच्या मनाला लागले. ते लागले त्याच्या मनाला, उपास घडला मला.

तुम्हाला ब्रेक पॅड ठाऊक आहेत का? चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते. ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि चाक थांबते. पॅड झिजतात. झिजणे हेच त्यांचे काम. ते संपत आले की त्यांच्या कडेची पत्र्याची जीभ तबकडीला घासते आणि कर्कश आवाज होतो. ती जीभ कारखान्यात मुद्दाम बसवलेली असते. माणसाने ऐकावे म्हणून.

मी ओरडू लागले. मालकाने रेडिओ मोठा केला. मी आणखी ओरडले, त्याने खिडकी वर केली. मालकिणीने दोनदा सांगितले की हा आवाज बरा नाही. मालक म्हणाला, जुन्या गाड्या कुरकुरतातच. मित्रांनो, सोळा वर्षांत मी कधी कुरकुरले नव्हते हो.

अखेर एका शाळेच्या मुख्याध्यापिका त्याला म्हणाल्या की तुमची गाडी कोपऱ्यावर वळली की आमचे वर्ग थांबतात. आणि काय सांगू, माझ्या काळजीने जे झाले नाही ते त्या लाजेने झाले. पॅड बदलायचे ठरले.

इथे मालकिणीचा भाऊ पुढे सरसावला. या मेहुण्याचा व्यवसाय पडदे शिवण्याचा, पण मत जगातल्या प्रत्येक गोष्टीवर. फोनवर चार व्हिडिओ बघून तो तीन प्रकारचे पॅड घेऊन आला. एक स्वस्त, एक मऊ आणि बिनआवाजी, एक धातूची भुकटी घातलेले, कडक. तिन्ही खोकी जेवणाच्या टेबलावर मांडली गेली आणि नऊ दिवस तिथेच राहिली. घरचे लोक त्यांच्या भोवतीने ताटे मांडून जेवत. एका खिडकीचे माप तीन वेळा घेणारा माझा मालक आता खोक्यांवरची चित्रे बघत बसला. शेजाऱ्याने एक सांगितले, रंगाच्या दुकानवाल्याने दुसरे, मालकाच्या धाकट्या बहिणीने फोनवर तिसरे. मी अंगणात उभी होते, स्वयंपाकघराच्या खिडकीपासून दहा पावलांवर. एकानेही बाहेर येऊन माझ्या चाकात डोकावून पाहिले नाही. लग्न ठरवायला बसावे आणि मुलीलाच विचारू नये, तशातली गत.

“दाजी, तुम्हाला आवाजच नको ना?” दहाव्या दिवशी मेहुणा म्हणाला. “मग मऊ घ्या. लोण्यासारखी थांबेल गाडी.”

मालकाला लोणी पटले.

मेहुण्यानेच अंगणात माझे चाक काढले. जुने पॅड बाहेर आले. डाव्या चाकाचा आतला पॅड कागदासारखा पातळ झाला होता आणि बाहेरचा अजून चांगला जाड होता. दोघे एकत्र काम करणारे, मग एकच का झिजावा? हा प्रश्न कुणालाही पडावा. मेहुण्याला पडला नाही. त्याने दोन्ही कचऱ्यात टाकले, नवे बसवले आणि हात पुसले.

आवाज गेला. सगळे खूश झाले. डावे चाक धड पकड घेत नव्हते, म्हणून ब्रेक लावला की मी उजवीकडे ओढत होते. मालक स्टिअरिंग थोडे डावीकडे धरून चालवू लागला आणि त्याला त्याची सवय झाली. माणसांना कशाचीही सवय होते, हे माझ्या वैतागाचे एक मोठे कारण आहे.

आता ऐका. आमचा काचा कापायचा कारखाना घराला लागूनच, चढावर आहे आणि गाव खाली. म्हणजे भरलेली मी नेहमी उतरते आणि रिकामी चढते. नवे पॅड बसून महिना झाला असेल. त्याच शाळेच्या वाचनालयासाठी आठ मोठ्या जाड काचा भरल्या. सकाळचे दहा वाजले होते, ऊन लख्ख होते. मालकीण शेजारी होती. निम्मा उतार होईतो मालक ब्रेकवर पाय ठेवूनच आला. पॅड तापले. मऊ पॅड फार तापले की त्यांची पकड जाते. जळका वास आला. मालकिणीने तो ओळखला आणि त्याच्याकडे पाहिले.

मालकाने ब्रेक दाबला. मी थोडी हळू झाले आणि पुन्हा सुटले. त्याने पूर्ण जोर दिला. पाय पार खाली गेला आणि मी धावतच राहिले. खाली चौकात एक रंगारी खांद्यावर लांब शिडी घेऊन रस्ता ओलांडत होता. त्याची पाठ आमच्याकडे होती.

मालकाने हॉर्न दाबून धरला, गिअर एकदम खाली घेतला. माझे इंजिन किंचाळले. त्याने हँडब्रेक टप्प्याटप्प्याने ओढला आणि माझी डावी चाके फुटपाथच्या कडेला घासत नेली. मी जीव खाऊन अंग चोरले. रंगारी वळला आणि जागीच खिळला. मी थांबले तेव्हा शिडीचे टोक माझ्या पुढच्या काचेपासून वीतभर होते. त्यानंतर मागे दोन काचा फुटल्याचा आवाज आला.

रंगाऱ्याने शिडी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसला. मालकाचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. मालकीण उतरली, मागे जाऊन पाहून आली आणि त्याच्या खिडकीशी उभी राहिली.

“काच मी पुन्हा कापीन,” ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. “पण ही गाडी नीट होईपर्यंत मी हिच्यात बसणार नाही. आणि तुम्हीही बसायचं नाही.”

मला ओढत मिस्त्रीकडे नेले. मालकाला वाटले होते की पुन्हा बोलणी खावी लागणार. मिस्त्रीने त्याचा चेहरा पाहिला आणि पाण्याचा पेला पुढे केला. मेहुणाही आला होता. कुठल्या कंपनीचे पॅड चांगले यावर तो बोलू लागला. मिस्त्रीने त्याला हाताने थांबवले आणि मालकाला विचारले की गाडी काय वाहते, वजन किती असते, उतार केवढा आहे आणि ब्रेक कसा लावता. मित्रांनो, टेबलावरच्या त्या नऊ दिवसांत हे चार प्रश्न कुणीच विचारले नव्हते. मी रडू शकत असते तर तिथेच रडले असते.

मग त्याने डावे चाक उघडले. आतला पॅड निम्मा संपला होता, बाहेरचा कोरा होता.

“पॅड दाबणारी ही पकड या पिनेवर सरकते,” त्याने बोटाने दाखवले. “पिन गंजून बसली आहे. एकच पॅड दाबतोय, दुसरा नुसता बघतोय. हिच्यात सोन्याचे पॅड घातले असते तरी हेच झालं असतं.”

मेहुण्याने वाकून चाकात पाहिले. मग तो हळूच म्हणाला की जुने पॅडही असेच झिजले होते, आपण ते पाहिले आणि फेकून दिले. त्याने हे कबूल केले, म्हणून त्याच्यावरचा माझा राग अर्धा उतरला. उरलेला अर्धा मी अजून सांभाळून ठेवला आहे.

मिस्त्रीने पिना बदलल्या, त्यांना ग्रीस लावले, तबकड्या घासून सारख्या केल्या. मग त्याने सांगितले की भरल्या गाडीने रोज उतरायचे तर धातूचे कडक पॅडच हवेत, ते तापले तरी धरतात. मात्र सकाळी गार असताना थोडा आवाज करतील आणि तबकडी जरा लवकर झिजवतील. मालकाने सवयीने मेहुण्याकडे पाहिले. मग नजर वळवून बायकोला विचारले, “तू सांग.”

“आवाज करू देत,” ती म्हणाली. “ऐकायची तयारी आपली हवी.”

नवे पॅड बसल्यावर मिस्त्रीने बजावले की दोन दिवस रिकामी फिरवा, हळूहळू थांबवा, मध्ये गार होऊ द्या, म्हणजे पॅड आणि तबकडी एकमेकांना रुळतील. मालकाने ते अक्षरशः पाळले. उतारावर आधीच खालचा गिअर घ्यायलाही तो शिकला. तिसऱ्या दिवशी मालकिणीने कापलेल्या दोन काचा माझ्या पाठीवर चढल्या. ती अंगणातच उभी होती. मालक दार उघडून थांबला. ती आली आणि बसली. आम्ही सावकाश उतरलो. चौकात पोहोचल्यावर मी जिथे थांबायला हवे तिथे थांबले, बरोबर पांढऱ्या रेघेमागे. मालकाने ब्रेकवरचा पाय काढलाच नाही. मग मालकीण म्हणाली, “चला आता, मागचे हॉर्न वाजवतायत.”

मित्रांनो, तुमच्याही दारात एखादी गाडी, सायकल, शिवणयंत्र असेल. तिला बोलता येत नाही, म्हणून ती कधी आवाज करते, कधी ओढते, कधी वास सोडते. तेव्हा दहा जणांचा सल्ला जरूर घ्या. पण आधी गुडघे टेका, वाकून तिच्याकडे एकदा बघा. फार वेळ लागत नाही. मी तर चाक काढेपर्यंत मुकाट उभी राहते.