यासेनाच्या घळीतले अकरा प्रवासी

मित्रांनो, इंजिन आणि डबा एकाच अंगात असलेली मी एक जुनी डिझेल गाडी आहे. बल्गेरियाच्या डोंगरातल्या येलोवो गावापासून खालच्या ब्रोद शहरापर्यंत, यासेना नदीच्या घळीतून मी एकेचाळीस वर्षं धावले. पहिल्या दिवशी येलोवोच्या बायकांनी माझ्या चालकाला पाव आणि मीठ देऊन माझं स्वागत केलं होतं. तेव्हा माझ्या बाकांचं हिरवं रेक्झिन नवं होतं आणि खिडक्या एका बोटानं उघडत.

डबाबंद भाज्यांच्या कारखान्यातल्या मुली पहाटे माझ्यात बसायच्या. सणाच्या आधी माणसांबरोबर कोकरंही असायची. पुढे कारखाना बंद पडला. ज्यांना जमलं त्यांनी मोटारी घेतल्या. पाच फेऱ्यांची एकच फेरी उरली: अकराला खाली, तीनला वर. घळीतल्या पुलावर माझा फोटो काढायला लोक हौसेनं यायचे, बसायला मात्र कुणी फारसं येईना.

मग बातमी आली की घळीतून चौपदरी रस्ता होणार. त्यासाठी डोंगराची एक बाजू कापायची होती. तिथे शेकडो वर्षांची रानझाडं होती, आणि त्यांच्या खालच्या वाळूत कासवं अंडी घालत. माझे रूळही त्याच रस्त्याखाली जाणार होते.

रस्ता हवा म्हणणाऱ्यांत सगळ्यात पुढे होता नगराध्यक्ष मेतोदी. त्याला वाईट समजू नका. तीन वर्षांपूर्वी त्याच्या धाकट्या भावाच्या छातीत कळ आली. ब्रोदहून निघालेली रुग्णवाहिका अरुंद रस्त्यावर लाकडाच्या ट्रकांमागे अडकली आणि पन्नास मिनिटांनी पोहोचली. तोवर भाऊ गेला होता; मेतोदी अंगणात त्याचा हात धरून बसला होता.

राजधानीतून कालिना नावाची इंजिनिअर बाई आली. पाच दिवस माझ्यातून प्रवास करायचा, माणसं मोजायची आणि अहवाल द्यायचा, हे तिचं काम. त्या अहवालावर नगरपालिका मत देणार होती. पहिले चार दिवस तिनं वहीत लिहिलं: अकरा, अकरा, बारा, अकरा. माझा चालक रांगेल सव्वीस वर्षं माझ्याबरोबर होता. ते आकडे कळल्यावर त्याचा चेहरा पडला.

पाचव्या दिवशी फलाटावर ऐंशी माणसं उभी होती. रांगेलनं आदल्या दिवशी घरोघरी जाऊन सगळ्यांना हात जोडले होते. खरं सांगते, मला आधी आनंदच झाला. कितीतरी वर्षांनी माझे बाक भरले होते. पण शेवटी मेतोदीही चढला, आणि मी हलताच कालिनानं शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, की आज ब्रोदला काय काम काढलं? म्हातारा गोंधळून इकडेतिकडे बघू लागला.

"लिहा की, बाई," मेतोदी म्हणाला. "एका रात्रीत सत्तर प्रवासी वाढले. देवाची करणीच म्हणायची."

कालिनाचं पेन थांबलं. तिनं 'फसवणूक' असा एक शब्द लिहिला असता, तर माझ्या बाजूनं कुणाचंच ऐकलं गेलं नसतं.

तेव्हा वेलिचका उठली. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घ्यायला ती माझ्यातूनच जायची.

"बाई, आज आम्ही खोटं वागतोय," ती म्हणाली. "रोज आम्ही अकराच असतो. पण बाकीचे का येत नाहीत, तेही विचारा ना. माझे उपचार संपतात सहाला आणि गाडी परत निघते तीनला. मग मी बहिणीकडे मुक्काम टाकते. ज्यांना तिथे बहीण नाही त्यांनी काय करायचं?"

मग कालिनानं वहीचं नवं पान काढलं आणि पहिल्या बाकापासून एकेकाला विचारत गेली, कितीची गाडी असती तर आला असता? बेकरीत काम करणारीला पहाटे पाचची हवी होती. शाळेला सातची हवी होती. संध्याकाळची तर जवळजवळ सगळ्यांनाच हवी होती.

मेतोदी तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "पाचची द्या, सातची द्या. माझ्या भावाला कुठल्या गाडीत बसवलं असतं, ते सांगा."

"कुठल्याच नाही," कालिना म्हणाली. "पण रस्ता व्हायला नऊ वर्षं लागतील. तोवर कुणाची छाती दुखली तर? रुग्णवाहिका येलोवोतच का नसावी?"

"तीनदा मागितली मी. दिली नाही."

"मग चौथ्यांदा माझ्या अहवालातून मागू."

मेतोदी ब्रोद येईपर्यंत खिडकीबाहेर नदीकडे बघत राहिला.

अहवालात तिनं खोट्या गर्दीबद्दलही लिहिलं. रस्त्यानं अठरा मिनिटं वाचतील, हे लिहिलं. कापला जाणारा डोंगर, कासवं, वाढणाऱ्या मोटारींचा धूर, सगळं मांडलं. माझा धूरही तिनं लपवला नाही. मतदानाच्या दिवशी मी फलाटावर उभी होते. रांगेल सभागृहाच्या दाराशी उभा होता, त्यानंच येऊन मला सांगितलं. नगराध्यक्षाला तिथे मत नसतं, पण तो बोलला: आधी रुग्णवाहिका आणा, आहे त्या रस्त्याची वाईट वळणं रुंद करा, गाडीच्या फेऱ्या वाढवून बघा, मोठ्या रस्त्याचं दोन वर्षांनी ठरवू. सात विरुद्ध सहा मतांनी ते मंजूर झालं.

पण पुन्हा पाच फेऱ्या माझ्या थकलेल्या अंगाला झेपणाऱ्या नव्हत्या. कमी धूर सोडणाऱ्या दोन नव्या गाड्या आल्या. "तुला वाचवायला गेलो आणि मीच तुला घालवलं," असं म्हणत रांगेल माझ्या पायरीवर बराच वेळ बसून राहिला. मलाही वाईट वाटलं. मग माझ्या लक्षात आलं, की वाचायला हवी होती ती वाट. मी कधीतरी जाणारच होते.

आता मी ब्रोद स्टेशनात बाजूच्या रुळावर उभी असते. नव्या गाडीतून कधी चाळीस माणसं उतरतात, कधी वीसच. वीस उतरली की मला आठवतं, रस्त्याची फाईल अजून कपाटात आहे. परवा मेतोदी उतरला आणि लोकांबरोबर शहराकडे चालू लागला. वेलिचका आता रोज आपल्या घरी झोपते.

मित्रांनो, माझ्यावर माया करणारे खूप होते, बसणारे मात्र अकराच. तुमच्याही गावात अशी एखादी गाडी असेल. तिला हार घालू नका, नुसते फोटो काढू नका. तिच्यात बसा. आणि तिची वेळ चुकीची असेल, तर भांडून बदलून घ्या.