पूर्ण पत्त्याचा बायोडेटा

मी एक जुना बायोडेटा आहे, मित्रांनो. बाहेरच्या खोलीतल्या संगणकात पडून असतो. मला आता कोणी उघडत नाही.

मला लिहिलं एका गोदाम सांभाळणाऱ्या माणसाने. गोदाम बंद पडलं आणि तो घरी बसला. त्याची उमेदीची वर्षं खोक्यांवर पत्ते चिकटवण्यात गेलेली. पत्ता अर्धवट असला की माल परत येतो, हे त्याच्या अंगात भिनलेलं. म्हणून त्याने मलाही तसंच भरलं. मजला, डावीकडचं दार, जन्मतारीख, फोटो, आणि तळाशी ठळक अक्षरांत, 'मी नसल्यास निरोप आईकडे द्यावा. दुपारी ती एकटी घरी असते.' आईला त्याने मला वाचून दाखवलं. तिने कौतुक केलं, तेव्हा माझी छाती फुगली होती.

मग त्याने मला इंटरनेटवर सोडलं. हिशेबनीस हवा असो की पहारेकरी, माझं तुणतुणं तेच. दिसेल त्या दारात मी हजर, आणि उत्तर कुठूनच नाही. तो रोज सकाळी ईमेल उघडायचा आणि बंद करायचा. शंभर ठिकाणी असून कोणाचंच नसणं काय असतं, ते मला विचारा.

शेवटी एकाने मला नीट वाचलं. एका दुपारी मुलगा बाहेर गेलेला असताना तो दारात उभा राहिला. माझीच प्रत त्याच्या हातात होती. मुलाची निवड झाली आहे, मूळ प्रमाणपत्रं तपासायला न्यायची आहेत, असं तो गोड आवाजात म्हणाला. त्याला जन्मतारीख ठाऊक, जुनं गोदाम ठाऊक. आईला शंका यावी तरी कशी? तिने कागद दिले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि पाणी आणायला आत गेली. तेवढ्यात तो पसार झाला. कपाटावरचं वडिलांचं घड्याळही गेलं.

घड्याळाबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. "मी त्याला आशीर्वाद दिला रे," एवढंच म्हणत राहिली.

पोलिसांत तक्रार झाली. धाकटी बहीण धावत आली. नोकरभरतीचं काम करणारी ती, मला वाचून डोक्याला हात लावून बसली.

"दादा, तू खोकं आहेस का? तुला कुठे पोचवायचं नाहीये. त्यांनी तुला बोलवायला हवं."

तिने नवा बायोडेटा केला. घराचा पत्ता, जन्मतारीख, फोटो, आई, सगळं काढलं. नोकरीपुरती वेगळी ईमेल घातली. जाहिरात वाचून, तिथे मागितलेलं काम वर घ्यायचं आणि पाठवण्याआधी कंपनी खरी आहे ना ते बघायचं, हे तिने त्याच्याकडून घोकून घेतलं. माझ्या त्या सडपातळ वारसाला वाचून औषधांच्या गोदामाने दादाला लवकरच बोलावलं. मला जमेल तिथून पुसलं. तरी माझ्या काही प्रती कुठे भटकताहेत, देव जाणे.

मित्रांनो, मला धाडण्याआधी एकदा अनोळखी माणसाच्या नजरेने वाचा. माझ्या पोटात काही राहत नाही.

आता तो कामावरून येतो, तेव्हा दार बंद असतं. जाड दाराआडून आईला आवाज ओळखू येत नाही. ती विचारते, "कोण?" पहिल्या दिवशी त्याने नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली.

"ते तर त्यालाही माहीत होतं," ती आतून म्हणाली.

तो दाराच्या फटीशी वाकला. मग हळू आवाजात म्हणाला, "आई, अंधार पडला की मी तुझा पदर धरून झोपायचो."

कडी निघाली. ते माझ्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं.