आंघोळ केलेली वीज

“साहेब, ह्या डब्याच्या पोटात आहे तरी काय?”

प्रश्न विचारला आणि माएलने स्वतःचीच जीभ चावली. तिला विचारायचाच नव्हता. पण मागच्या रांगेतून कॉराली आणि तिची टोळी मघापासून ढोसत होती, “विचार ना! घाबरलीस? नाही विचारलंस तर हिवाळा संपेपर्यंत माझं दप्तर तू उचलायचं.” सेंत-ओदीलसारख्या बर्फाळ गावात हिवाळा संपेपर्यंत म्हणजे जवळजवळ जन्मठेपच.

चर्चच्या तळघरातला हॉल खचाखच भरला होता. बिंगोला होत नाही एवढी गर्दी. ओल्या बुटांचा आणि लोकरीचा वास कोंडला होता. मंचावर केसी नावाचा गुळगुळीत दाढीचा माणूस उभा होता. त्याच्यापुढच्या टेबलावर विजेचा जुना पंखा घरघरत होता, आणि पंख्याला वीज आणणाऱ्या तारेला चिमट्यासारखा पकडून बसलेला एक मीटर प्रवाहाचा आकडा दाखवत होता. केसीने पांढरा डबा त्याच तारेवरच्या प्लगमध्ये खोचला. डब्यावर हिरवा दिवा लागला आणि आकडा झपकन खाली आला, थेट अर्ध्यावर! पंखा मात्र तसाच फिरत होता.

“ओ होऽऽ!” सगळा हॉल एका घशाने ओरडला.

“मंडळी,” केसी हात पसरून म्हणाला, “आपली वीज उत्तरेच्या धरणातून निघते तेव्हा झऱ्यासारखी निर्मळ असते. पण शेकडो मैल तारेतून येता येता ती मळते. मळकी वीज जड. जड वीज महाग. हा डबा तिला आंघोळ घालतो!”

त्यावर माएलचा प्रश्न आला. केसीने तिच्याकडे लाडाने पाहिलं.

“बाळ, आई केक करते तेव्हा त्याचं पोट फाडून बघतेस का तू? की खातेस?”

हॉल खो खो हसला. कॉरालीसुद्धा हसली, भवानी. सगळ्यात पुढे बसलेले माएलचे बाबा, गिलेन, कानापर्यंत लाल झाले. त्यांनी उठून दोन डबे घेतले, जणू पोरीच्या अगाऊपणाचा दंडच भरला.

डबा फुकटात गुण देणार नव्हता. त्याला पथ्य होतं. थर्मोस्टॅट खाली उतरवायचे, कारण आंघोळ केलेली वीज हलकी असते, तिला दमवायचं नाही. नको त्या खोल्या बंद करायच्या, कारण शुद्ध वीज पसरली की पातळ होते. आणि भिंतीतलं हवा बदलणारं यंत्र बंद ठेवायचं, कारण आंघोळ करताना वारा लागू नये. हे मोडलं तर डबा रुसतो, मग कंपनी जबाबदार नाही.

अशा रीतीने माएलचं घर एका स्वयंपाकघराएवढं झालं.

घरात सगळं विजेवरच. शेगडी वीज, गरम पाणी वीज, भिंतींच्या पायथ्याला बसवलेले हीटर वीज. बाबांनी वरच्या खोल्यांचे हीटर मालवले आणि माएलच्या खोलीचं दार चंदेरी चिकटपट्टीने सील केलं. तिची पुस्तकं आत, तिचा आरसा आत, ती बाहेर. चौघांच्या गाद्या फ्रिज आणि टेबलाच्या मधल्या जागेत. अभ्यास तिथेच, भांडण तिथेच, वाटाण्याचं सूप तिथेच. श्वास घ्यायचा तोही दुसऱ्याने सोडलेला. खिडक्यांच्या काचांना आतून बर्फ धरायचा, दुपारी तो वितळून चौकटीत झिरपायचा, आणि तिथे काळे ठिपके उगवायचे. आई फडक्याने पुसायची, दोन दिवसांत परत हजर.

आणि धाकटा एलॉय खोकायचा. आधी नुसता रात्री, मग दिवसाही. पाठीला हात लावला की आत मांजर गुरगुरल्यासारखं लागायचं.

“यंत्र चालू करा ना हो,” आई म्हणाली. “पोराला हवा नको?”

“केसीसाहेबांना फोन केला होता मी,” बाबा म्हणाले. “घर जुनी घाण बाहेर टाकतंय म्हणाले. होतं सुरुवातीला.”

“घर टाकतंय? खोकतोय तर एलॉय!” माएल फणकारली.

“तू गप्प बस. भर हॉलमध्ये माझं नाक कापलंस तेवढं पुरे.”

आणि मग बिल आलं. खरोखर कमी! बाबांनी ते फ्रिजवर लोहचुंबकाने लावलं, एखाद्या संतांचं चित्र लावावं तसं. बाबा हिवाळ्यात बर्फ काढायचा ट्रक चालवायचे, निम्म्या गावाची अंगणं तेच साफ करायचे. ज्या दारात ट्रक थांबेल त्या दारात ते डब्याचे गुण गायला लागले. गिलेन खोटं बोलणाऱ्यातला नाही, हे सगळ्यांना ठाऊक. घरोघर हिरवे दिवे लागले. घरोघर खोल्या बंद झाल्या.

माएल चक्रावली. डबा थोतांड आहे असं तिला आतून वाटायचं, पण बिल तर समोर होतं. कॉरालीने शाळेत चिडवलंच, “काय शास्त्रज्ञबाई? केक लागला ना गोड?”

ते माएलला झोंबलं. दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना तिने दोन्ही डबे काढून दप्तरात टाकले आणि थेट शाळेच्या कार्यशाळेत मादाम फेक्तोंसमोर ठेवले.

“हात लावू नकोस, आधी आतला चार्ज जाऊ दे,” बाई म्हणाल्या. त्यांनी तो काढून टाकला आणि डब्याचे स्क्रू फिरवले.

पोटात एक छोटा दिवा होता. अंगठ्याएवढा एक कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवणारा तुकडा, होता. आणि हाताला वजन लागावं म्हणून सिमेंटचा एक गोळा!

“पण बाई, मग तो आकडा कसा उतरला?”

“पंख्याची मोटार थोडी वीज उसनी घेते आणि लगेच परत करते. सारखी ये-जा. हा कपॅसिटर ती उसनवारी जागच्या जागी भागवतो. चिमट्याचा मीटर उसनवारीही मोजतो, म्हणून त्याचा आकडा पडतो. घरचा मीटर मात्र खरी खर्चलेली वीज मोजतो. ती तेवढीच.”

“आणि हीटर?”

“हीटर कसलं उसनं परत करतोय! घेतलं ते सगळं जाळतो.”

माएलच्या डोळ्यांत चमक आली. “बाई, कपॅसिटर काढला तरी दिवा लागेल?”

“लागेल की.” बाई तिच्याकडे बघत राहिल्या. “काय शिजतंय डोक्यात?”

दोन्ही डब्यांची पोटं रिकामी करून, नीट बंद करून, बाईंनी स्वतः तपासून दिली. माएलने डबे पुन्हा जागच्या जागी खोचले. हिरवे दिवे लागले. बाबा रोज सकाळी त्यांच्याकडे समाधानाने बघायचे. माएल गाल आतून चावून हसू दाबायची. पण रात्री एलॉयची गुरगुर ऐकली की तिचं हसू मावळायचं. अजून किती दिवस थांबायचं होतं? पुढचं बिल येईपर्यंत. तिच्या शब्दावर विश्वास ठेवणारं घरात कोणीच नव्हतं.

दुसरं बिलही कमीच आलं.

त्याच आठवड्यात केसी पुन्हा आला, ह्या वेळी महाडबा घेऊन. पूर्ण घराला एकच, तिपटीने महाग. साक्ष द्यायला त्याने बाबांना मंचावर बोलावलं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, हात कुठे ठेवावे ते न कळून उभे. पंखा घरघरला, आकडा पडला, हॉल ओरडला.

माएल उठली. ह्या वेळी कोणी ढोसलं नव्हतं.

“साहेब, पंखा नको. थंडीत पंखा कोण लावतं? हीटरला लावून दाखवा.”

“आली पुन्हा केकवाली!” केसी हसला. “बाळ, हीटरला आधी सवय व्हावी लागते.”

“लावा हो साहेब,” बाबाच म्हणाले. त्यांचा भरवसा पक्का होता. “पोरीचं तोंड एकदाचं बंद होऊ दे.”

बिंगोचे आकडे पुकारणाऱ्या मादाम दुफूर पायाशी एक छोटा हीटर घेऊन बसायच्या. त्यांनी तो उचलून मंचावर ठेवला. “घ्या. पण परत द्या, माझी बोटं गारठतात.”

बाबांनी स्वतः पंखा काढला, हीटर लावला. चिमट्याच्या मीटरवर आकडा चढला. मग महाडबा खोचला. हिरवा दिवा लागला.

आकडा हलला नाही.

बाबांनी डबा काढला, परत लावला. मीटरवर टिचकी मारली. आकडा तिथेच.

“इथली वीज फारच मळलेली आहे,” केसी घाम पुसत म्हणाला.

“आत्ता पंख्याला लावली तेव्हा न्हाऊन आली होती ना?” मादाम दुफूर म्हणाल्या.

“पण बिल?” बाबांचा आवाज चिरकला. “माएल, आपलं बिल कमी आलं. दोन वेळा! ते कसं?”

माएलने खिशातून दोन कपॅसिटर काढून टेबलावर ठेवले.

“आपल्या डब्यांची आतडी आहेत ही, बाबा. पहिलं बिल आलं आणि मी काढली. दुसरं बिल नुसत्या दिव्यावर आलंय. वीज वाचली ती थर्मोस्टॅट उतरवल्यामुळे. आपण कुडकुडलो म्हणून. कुडकुडलो आपण आणि आरती झाली डब्याची!”

“डब्यात इतका गुण आहे तर,” दाराजवळून कॉराली ओरडली, “साहेबांची गाडी बाहेर आपल्या हॉलच्या विजेवर, थंडीने गोठू नये म्हणून, इंजिन तापवत बसलीय, तिला का नाही लावला?”

सगळी गर्दी खिडकीकडे धावली. खरंच! हॉलच्या भिंतीतून केशरी वायर निघून गाडीच्या नाकात गेली होती. मधे डबा नव्हता. केसीने सामान गुंडाळायला सुरुवात केली, पण पैसे परत केल्याशिवाय मादाम दुफूरनी त्याला वायर काढू दिली नाही.

घरी बाबा कोट न काढताच स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले. आई सूप ढवळत राहिली. चौघं जण, एक दिवा, बंद दारं.

“घरी सांगायचं होतंस,” बाबा म्हणाले. “सगळ्या गावासमोर मला उभं केलंस.”

“घरी तोंड उघडलं होतं, बाबा. तुम्ही गप्प बस म्हणालात.”

बाबा फ्रिजवरच्या बिलाकडे बघत राहिले. कोपऱ्यात एलॉय खोकला, थांबला, पुन्हा खोकला. माएल उठली, भिंतीपाशी गेली आणि हवा बदलणाऱ्या यंत्राचं बटण दाबलं. ते खरखरत जागं झालं. बाबांचा हात उचलला गेला आणि अर्ध्यातच खाली आला.

“आई, बाबा, मी ठरवलंय,” माएल म्हणाली. “माझ्या दाराची पट्टी मी आत्ता काढतेय. थर्मोस्टॅट खाली ठेवू, मी स्वेटर घालेन, दाराच्या फटी बुजवू, कपडे गार पाण्यात धुवू. ज्याने खरंच वीज वाचते ते सगळं करू. पण घर हे यंत्र चालू ठेवून श्वास घेणार. आणि उद्या शाळेला सुट्टी आहे. बर्फ काढायला निघाल तेव्हा मी ट्रकमध्ये तुमच्या शेजारी बसणार. ज्या ज्या दारात तुम्ही डब्याचे गुण गायलात त्या त्या दारात उतरणार, आणि सांगणार, हिरव्या दिव्याकडे बघू नका, तुमच्या मीटरकडे बघा. डबा काढा, लावा, स्वतः मोजा, माझ्यावरही विश्वास ठेवू नका. तुम्ही बरोबर उतरलात तर बरं होईल, बाबा. नाही उतरलात, तरी मी उतरणार आहे.”